फिट्सवर ऑपरेशन करावे की मेंदूत यंत्र बसवावे?

ताई, तुमचा प्रश्न इतर वाचकांना कळावा म्हणून आधी थोडक्यात सांगतो. तुमचा धाकटा भाऊ २७ वर्षांचा आहे आणि सांगली भागात एका पतसंस्थेत कामाला आहे. दीड वर्षाचा असताना तापात त्याला बराच वेळ झटके आले होते. पुढे चौदाव्या वर्षापासून फिट्स सुरू झाल्या. कार्बामाझेपिन, लेव्हेटिरासिटॅम आणि क्लोबाझम या गोळ्या नियमित चालू असूनही महिन्याला चार-पाच वेळा त्याचे भान हरपते, आणि वर्षातून दोन-तीनदा मोठी फिट येते, तीही बहुधा रात्री. एमआरआयच्या रिपोर्टवर डाव्या बाजूला ‘मेसियल टेम्पोरल स्क्लेरोसिस’ असे लिहिले आहे, म्हणजे मेंदूच्या कानाजवळच्या भागाचा (टेम्पोरल लोबचा) आतला भाग आक्रसून कडक झाला आहे. न्यूरोलॉजिस्टनी फिट्स सुरू होणारा मेंदूचा भाग काढायच्या ऑपरेशनचा विचार करा म्हणून सांगितले. अमेरिकेतल्या मावसभावाचे म्हणणे असे की आता मेंदू कापायची गरज उरलेली नाही, चिप बसवता येते. घरात दोन तट पडले आहेत. यातले योग्य काय, आणि त्याच्यासाठी स्थळे पाहताय ते आधी उरकावे का, असे तुम्ही विचारले आहे.

सरळ उत्तर देतो. तुम्ही लिहिलेले चित्र पुढच्या तपासण्यांत खरे ठरले, तर आधी ऑपरेशन. यंत्राचा विचार त्यानंतर, किंवा ऑपरेशन शक्य नाही असे ठरल्यावर. यंत्र म्हणजे ऑपरेशनचीच सौम्य आवृत्ती, हा समज मी रोज ओपीडीत ऐकतो आणि त्यापायी माणसांची वर्षे वाया जाताना पाहतो. या दोन्ही उपचारांचे रुग्ण बऱ्याच अंशी वेगळे असतात आणि त्यांतून मिळणारे फळही वेगळे असते.

आणखी एक गोळी वाढवून पाहू, असे घरातले कोणीतरी म्हणतच असेल. स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या एका मोठ्या अभ्यासात (सन २०००) नव्याने उपचार सुरू केलेल्यांपैकी साधारण ४७ टक्के रुग्णांच्या फिट्स पहिल्या औषधाने थांबल्या, १३ टक्क्यांच्या दुसऱ्याने. तिसऱ्या औषधाने किंवा औषधे एकत्र देऊन थांबल्या त्या जेमतेम ४ टक्क्यांच्या. म्हणूनच योग्य निवडलेली दोन औषधे पुरेशा डोसमध्ये घेऊनही फिट्स चालू राहिल्या तर त्याला औषधाला न जुमानणारा अपस्मार (फिट्सचा आजार) म्हणायचे, ही व्याख्या या आजारावरच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१० मध्ये पक्की केली. तुमचा भाऊ ती पायरी कधीच ओलांडून गेला आहे. चौथी गोळी द्यायला हरकत नाही, पण तिच्या भरवशावर आणखी पाच वर्षे काढायला माझी ठाम हरकत आहे.

आता त्याच्या फिट्सबद्दल. तुम्ही लिहिले आहे की आधी पोटातून काहीतरी वर येते असे तो म्हणतो, मग टक लावून बघत राहतो, ओठ चाटतो, उजवा हात आखडतो आणि डाव्या हाताने शर्टाचे बटण चाळवत राहतो. नंतर पाचेक मिनिटे शब्द सापडत नाहीत. डाव्या टेम्पोरल लोबचे वर्णन याहून बोलके क्वचितच मिळते. लहानपणी तापात आलेला लांबलेला झटका, काही वर्षांचा शांत काळ, मग किशोरवयात फिट्स आणि एमआरआयमध्ये आक्रसलेला हिप्पोकॅम्पस (टेम्पोरल लोबच्या आतला, आठवणी साठवणारा भाग), ही साखळी आम्हाला चांगली ओळखीची आहे. या प्रकारावर गोळ्या फारशा चालत नाहीत, पण प्रौढांच्या अपस्मारात ऑपरेशनने सर्वांत चांगला गुण येणारा प्रकारही हाच.

त्याचा पुरावा २००१ मध्ये कॅनडातून आला. टेम्पोरल लोबच्या फिट्स असलेले ८० रुग्ण घेतले, चिठ्ठी टाकावी तसे निम्मे ऑपरेशनच्या गटात गेले आणि निम्मे गोळ्यांवर राहिले. वर्षाअखेर भान हरपणाऱ्या फिट्सपासून मोकळे झालेले रुग्ण ऑपरेशनच्या गटात ५८ टक्के होते आणि गोळ्यांच्या गटात ८ टक्के. त्या वर्षात एक मृत्यू झाला, तो गोळ्यांच्या गटात. आपल्याकडे दिल्लीच्या एम्समध्ये १८ वर्षांपर्यंतच्या ११६ मुलांवर असाच अभ्यास झाला आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षाअखेर ऑपरेशन झालेल्यांत ७७ टक्के मुले फिट्समुक्त होती, नुसत्या गोळ्यांवरच्यांत ७ टक्के. त्या मुलांत ऑपरेशनचे प्रकार वेगवेगळे होते आणि काहींना हातापायाची ताकद गमवावी लागली, कारण त्यांच्या मेंदूचा एका बाजूचा अर्धा भागच वेगळा करावा लागणार होता. तुमच्या भावाच्या ऑपरेशनचे स्वरूप तसे नाही.

हे आकडे एका वर्षाचे आहेत. लंडनमध्ये ऑपरेशन झालेल्या ६१५ प्रौढांचा पुढे अनेक वर्षे मागोवा घेतला गेला. पाच वर्षांनी ५२ टक्के आणि दहा वर्षांनी ४७ टक्के लोक असे होते, ज्यांना ऑपरेशननंतर एकदाही भान हरपणारी फिट आली नव्हती. म्हणजे जवळजवळ निम्म्यांना पुढे कधी ना कधी एखादी तरी फिट आली. काहींना एकदाच, गोळी चुकल्यावर. काहींना पुन्हा पूर्वीसारख्या. ‘ऑपरेशन केले की कायमची सुटका’ असे कोणी सांगत असेल तर ते खरे नाही. पण आज तुमच्या भावाला आणखी गोळ्यांनी मिळू शकणारा फायदा या आकड्यांच्या जवळपासही पोहोचत नाही.

ऑपरेशनपूर्व तपासणी हा खरा निर्णयाचा भाग आहे, आणि तपासणीला हो म्हणणे म्हणजे ऑपरेशनला हो म्हणणे नव्हे. हे घरी सगळ्यांना समजावून सांगा, म्हणजे निम्मे भांडण मिटेल. त्याला काही दिवस व्हिडिओ ईईजीसाठी (चित्रणासोबत मेंदूतल्या विजेची नोंद) ॲडमिट करतील. डोक्याला वायरी चिकटवलेल्या, समोर कॅमेरा, गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीत हळूहळू कमी केलेल्या, आणि शेजारी घरचे एक माणूस. फिट आली की बटण दाबायचे, पांघरूण बाजूला करायचे, म्हणजे हात-पाय कॅमेऱ्यात दिसतात, आणि त्याला नाव विचारायचे, हातातली वस्तू दाखवून ‘हे काय’ विचारायचे. तो कधी उत्तर देऊ लागतो, यावरून भाषेच्या बाजूबद्दल मोलाचा धागा मिळतो. तिथे तुम्ही स्वतः थांबा. फिट पाहून घाबरून दंड धरून ठेवणारे नातेवाईक असले की नेमके पाहायचे तेच झाकले जाते. याच तपासणीत कधी कधी कळते की झटके अपस्माराचे नाहीतच, मानसिक ताणातून येणारे आहेत. तुमच्या वर्णनावरून मला इथे तशी शंका येत नाही, पण खात्री केल्याशिवाय कोणी सुरी हातात घेत नाही.

ईईजी, एपिलेप्सीच्या खास पद्धतीने काढलेला ३ टेस्लाचा एमआरआय आणि फिटचे दृश्य या तिन्हींनी एकाच जागेकडे बोट दाखवले तर काम सोपे होते. त्यांचे जुळले नाही तर पेट स्कॅन (मेंदूचा कोणता भाग मंद चालतो ते दाखवणारा), आणि तरीही शंका राहिली तर कवटीला बारीक छिद्रे पाडून आत बारीक इलेक्ट्रोड (मेंदूतली वीज टिपणाऱ्या तारा) सोडून नोंद घ्यावी लागते. तुमच्या भावाला बहुधा इथवर जावे लागणार नाही.

आता या सगळ्यातली सर्वांत अवघड गोष्ट. ती रिपोर्टवरच्या ‘डाव्या’ या शब्दात आहे. बहुतेक माणसांची भाषा मेंदूच्या डाव्या अर्ध्यात असते, आणि शब्दांत साठवायची स्मृती डाव्या हिप्पोकॅम्पसवर अवलंबून असते. १९५३ मध्ये अमेरिकेत हेन्री मोलेसन या तरुणाच्या फिट्ससाठी दोन्ही बाजूंचा हा भाग काढला गेला. फिट्स कमी झाल्या, पण २००८ मध्ये वारेपर्यंत त्याला नवी आठवण जवळजवळ साठवताच आली नाही. तेव्हापासून दोन्ही बाजूंना कोणी हात लावत नाही, आणि एका बाजूला लावण्यापूर्वीही दुसरी बाजू भार उचलू शकेल का हे पाहिले जाते. तरी डाव्या बाजूच्या ऑपरेशननंतर शब्दस्मृती मोजता येण्याइतकी घटण्याचा धोका साधारण ४४ टक्के आणि नावे चटकन न आठवण्याचा साधारण ३४ टक्के, असे अनेक अभ्यास एकत्र करून २०११ मध्ये मांडले गेले आहे. हा धोका लहान नाही. कोणी तो तुमच्यापासून लपवत असेल तर दुसरे मत घ्या.

पण हा धोका सगळ्यांना सारखा नसतो. न्यूरोसायकॉलॉजिस्ट (स्मृती आणि भाषेच्या चाचण्या घेणारे तज्ज्ञ) त्याला शब्दांची एक यादी पाच वेळा वाचून दाखवतील. ढोल, पडदा, घंटा, कॉफी, शाळा, अशा धर्तीची. प्रत्येक वाचनानंतर जेवढे आठवतील तेवढे शब्द त्याने सांगायचे. मग मध्येच दुसरी यादी, आणि अर्ध्या तासाने पुन्हा पहिली. निरोगी माणूस पाचव्या फेरीपर्यंत चढत जातो आणि अर्ध्या तासानेही बरेच टिकवून ठेवतो. डावा हिप्पोकॅम्पस वाळलेला असला की फेरीगणिक शब्द वाढतच नाहीत, आणि अर्ध्या तासाने तर हातात दोन-तीनच उरतात. मन खट्टू करणारा हा निकाल ऑपरेशनच्या दृष्टीने मात्र दिलासा देणारा असतो. जो भाग आधीच काम करत नाही तो काढून फारसे गमवायचे नसते. उलट यादीतले चौदा शब्द घडाघडा सांगणारा आणि एमआरआयमध्ये हिप्पोकॅम्पस धडधाकट दिसणारा रुग्ण असला, तर डाव्या बाजूच्या ऑपरेशनला मी दहादा विचार करतो. तुमच्या भावाचा हिप्पोकॅम्पस आक्रसलेला आहे, वय कमी आहे आणि फिट्स लहानपणीच्या इजेतून आल्या आहेत. या तिन्ही गोष्टी त्याच्या बाजूने आहेत. ही चाचणी त्याला नीट समजेल अशा मराठीतच व्हायला हवी, याचा आग्रह धरा. परक्या भाषेत घेतलेल्या शब्दचाचणीवर असा निर्णय उभा करायचा नसतो.

शिवाय काहीच न करण्यालाही किंमत असतेच. तुम्ही लिहिलेच आहे की हल्ली तो खातेदारांची नावे विसरतो. वर्षानुवर्षे चालू राहिलेल्या फिट्स आणि तीन-तीन गोळ्या दोन्ही स्मृती खातात. आणि जे कोणी सांगायला धजत नाही ते सांगतो. अपस्मार असलेल्या हजार प्रौढांमागे दरवर्षी साधारण एकाचा अचानक, बहुधा झोपेत मृत्यू होतो. रात्री मोठ्या फिट्स येत असतील आणि खोलीत कोणी नसेल तर हा धोका कितीतरी वाढतो. अनुभवी केंद्रात टेम्पोरल लोबच्या ऑपरेशनमध्ये मृत्यूचे प्रमाण अर्ध्या टक्क्याहून कमी असते, आणि तो धोका एकदाचा असतो. फिट्सचा धोका दरवर्षी नव्याने सुरू होतो.

ऑपरेशनचे बाकीचे धोके असे. दृष्टीच्या वरच्या उजव्या कोपऱ्यातले थोडे कमी दिसणे हे बऱ्यापैकी आढळते, पण अनेकांना ते तपासल्याशिवाय जाणवतही नाही. जंतुसंसर्ग किंवा अर्धांगासारखे गंभीर काही घडणे विरळ. पहिल्या काही महिन्यांत उदासी किंवा चिडचिड येऊ शकते, तेव्हा मानसोपचारतज्ज्ञांची मदत घ्यायला संकोच करू नका. गोळ्या लगेच बंद होत नाहीत. साधारण दोन वर्षे फिट्सविना गेल्यावर त्या कमी करण्याचा विचार होतो, आणि अनेकांना एखादी गोळी कायमही लागते.

आता मावसभावाच्या चिपकडे येऊ. विचाराने संगणक चालवणाऱ्या ज्या चिपच्या बातम्या येतात, ती लकवा झालेल्या रुग्णांसाठी प्रयोगात आहे. तिचा फिट्सशी संबंध नाही. फिट्ससाठी वापरात असलेली यंत्रे मुख्यतः तीन.

पहिले व्हेगस नर्व्ह स्टिम्युलेटर. अमेरिकेत त्याला १९९७ मध्ये परवानगी मिळाली आणि भारतातही ते बसवले जाते. हे मेंदूत नसतेच. डाव्या हासळीखाली कातडीच्या आत छोटे यंत्र आणि तिथून मानेतल्या डाव्या व्हेगस नसेला गुंडाळलेली तार. सुरुवातीला सहसा दर पाच मिनिटांनी तीस सेकंद वीज जाते. त्या तीस सेकंदांत आवाज घोगरा होतो. काउंटरवर दिवसभर बोलणाऱ्याला हे जाणवते. फिटची चाहूल लागली की मनगटावरचे चुंबक छातीवरून फिरवले तर विजेचा जादा झटका मिळतो, काहींची फिट त्याने आवरते. वर्ष-दोन वर्षांनी साधारण निम्म्या रुग्णांच्या फिट्स निम्म्याने किंवा त्याहून अधिक कमी होतात. पूर्ण थांबणारे दहात एकही नसतात.

दुसरे डीप ब्रेन स्टिम्युलेशन. मेंदूच्या मध्यभागी थॅलॅमसच्या पुढच्या केंद्रकात दोन्ही बाजूंनी इलेक्ट्रोड आणि छातीत बॅटरी. ज्या अमेरिकी अभ्यासावर हा उपचार उभा आहे त्यात ११० रुग्ण होते. पाच वर्षांनी फिट्समधली मध्यक (अगदी मधल्या रुग्णाची) घट ६९ टक्के होती. काहींत उदासी आणि स्मृतीच्या तक्रारी वाढल्या. अमेरिकेत २०१८ मध्ये परवानगी मिळाली, युरोपात त्याच्या बरीच आधी.

तिसरे, आणि मावसभावाच्या मनात बहुधा हेच आहे, रिस्पॉन्सिव्ह न्यूरोस्टिम्युलेशन. कवटीचा एक तुकडा काढून त्या जागी यंत्र बसवतात, तारा थेट फिट सुरू होते तिथे. ते मेंदूची वीज सतत वाचत राहते आणि फिटसारखा आकृतिबंध दिसताच तिथेच क्षणभर वीज सोडते. रुग्णाने घरी डोक्याजवळ एक कांडी धरून नोंदी उतरवायच्या आणि डॉक्टरांकडे पाठवायच्या. २०१३ मध्ये अमेरिकेत १८ वर्षांवरच्या, फिट्सची जास्तीत जास्त दोन केंद्रे असलेल्या रुग्णांसाठी ते मंजूर झाले. नऊ वर्षांनी मध्यक घट ७५ टक्के. ही सुंदर कल्पना आहे, आणि दोन्ही टेम्पोरल लोबमधून फिट्स येणाऱ्यांसाठी किंवा बोलण्या-चालण्याच्या जागेवरच केंद्र असणाऱ्यांसाठी तिने खरोखर नवे दार उघडले आहे.

पण हा ७५ चा आकडा नीट वाचा. त्याचा अर्थ शंभरातले पंचाहत्तर जण बरे झाले असा नाही. निम्म्या रुग्णांत घट याहून जास्त होती आणि निम्म्यांत कमी, एवढाच त्याचा अर्थ. महिन्याला पाच फिट्स येणाऱ्याची घट ७५ टक्के झाली तरी महिन्याला एखादी फिट राहतेच. विहिरीवर, गॅससमोर, रस्त्यात ती एकही पुरते. ज्या मुलाला दिवसातून दहा वेळा कोसळून डोके फुटायचे त्याच्या बाबतीत हीच घट म्हणजे घराला परत मिळालेले आयुष्य असते. म्हणून मी यंत्रांना कमी लेखत नाही. मात्र जिथे पूर्ण थांबण्याची साधारण निम्मी शक्यता समोर आहे, तिथे आधी कमी होण्यावर समाधान मानू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

शिवाय यंत्र बसवणे हेही ऑपरेशनच. तिसऱ्या प्रकारात तर कवटीही उघडावी लागते. बॅटरी काही वर्षांनी बदलायची, दर बदलाला संसर्गाचा धोका, एमआरआयवर मर्यादा, आणि सेटिंग जुळवायला वारंवार फेऱ्या. ते तिसरे, अमेरिकी यंत्र भारतात नेहमीच्या उपचारांत मिळत नाही. तिकडे जाऊन बसवून घेतले तरी इथे त्याचे सेटिंग करणार कोण? मावसभावाला हा प्रश्न जरूर विचारा. उपकरणांची किंमतच लाखांत असते, त्यामानाने टेम्पोरल लोबचे ऑपरेशन स्वस्त पडते.

तुमच्या भावासाठी माझे मत कधी बदलेल तेही सांगतो. व्हिडिओ ईईजीत फिट्स दोन्ही बाजूंनी सुरू होताना दिसल्या, किंवा स्मृतिचाचणीत उजवी बाजूच लंगडी निघाली आणि आहे ती स्मृती डावीवरच तगून आहे असे दिसले, किंवा सगळे ऐकून घेऊन त्याने स्वतः नको म्हटले, तर यंत्र. आपल्याकडे तेव्हा व्हेगस किंवा डीप ब्रेन यांतून निवड करावी लागेल. शेवटचा शब्द त्याचा. मेंदू त्याचा आहे, मोठ्या बहिणीचा किंवा मावसभावाचा नाही.

कुठे जायचे? अपस्मारावरचे पहिले ऑपरेशन आपल्याकडे वेल्लोरला १९५२ मध्येच झाले, त्यामुळे ‘हे आपल्या देशात नवे आहे’ ही भीती सोडा. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत १९९५ पासून यासाठी स्वतंत्र कार्यक्रम चालतो. दिल्लीचे एम्स, बंगळूरचे निम्हान्स आणि मुंबईचे केईएम इथेही हे काम होते. न्यूरोलॉजिस्ट, सर्जन, रेडिओलॉजिस्ट आणि न्यूरोसायकॉलॉजिस्ट एकत्र बसून निर्णय घेतात का, आणि अशी ऑपरेशने तिथे नियमित होतात का, हे दोन प्रश्न कुठेही विचारा. सरकारी योजनेत काय बसते ते संलग्न रुग्णालयातले आरोग्यमित्र सांगतील.

तुमच्या पत्रातले एक वाक्य वाचून मी थबकलो. तो रोज दुचाकीने कामावर जातो. ते आजपासून बंद करा, काहीही झाले तरी. रात्री त्याच्या खोलीत कोणीतरी झोपा. आंघोळीला आतून कडी नको. फिट आली की कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका. पाच मिनिटांहून लांबली तर नाकातला मिडाझोलम स्प्रे वापरा आणि दवाखाना गाठा. तो स्प्रे तुमच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या.

राहिले लग्न. १९९९ च्या दुरुस्तीनंतर अपस्मार हे हिंदू विवाह कायद्यात विवाहाला आड येणारे कारण राहिलेले नाही, तेव्हा कायद्याची भीती नको. पण आजार लपवून लग्न लावले की तो पहिल्याच महिन्यात उघड होतो, कारण गोळ्यांचे डबे आणि रात्रीच्या फिट्स लपत नाहीत. मुलीला आणि तिच्या घरच्यांना आधी सांगा, रिपोर्टसकट. आणि शक्य असेल तर आधी तपासणी पुरी करा. तिला काही महिने लागतील, तेवढा वेळ स्थळे थांबतात. व्हिडिओ ईईजीची तारीख मिळायला प्रतीक्षायादी असते, म्हणून नोंदणीचा फोन याच आठवड्यात करा. जाताना जुने सगळे एमआरआय सीडीसह घ्या, सुरुवातीपासून कोणती गोळी किती डोसमध्ये घेतली ते एका कागदावर लिहा, आणि पुढची फिट आली की मोबाइलवर तिचे चित्रण करा, पहिल्या क्षणापासून, चेहरा आणि दोन्ही हात दिसतील असे.